वाहिन्या अनेक, मालक मोजके

माध्यमांची मालकी कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न राजधानीत ठरावीक काळाने उपस्थित होतो आणि एखाद्या अहवालात विसावतो. २०१४ मध्ये रिलायन्स समूहाने ‘नेटवर्क१८’वर नियंत्रण मिळवले, तर डिसेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाने ‘एनडीटीव्ही’वर. ज्यांना पावलोपावली सरकारी परवानग्या लागतात, त्यांच्याकडेच सरकारला प्रश्न विचारणारी वृत्तदालने गेली आहेत. अशा ठिकाणी मंत्रालयातून दूरध्वनी येण्याचीही गरज उरत नाही. मालकाचे हित संपादकाला न सांगताच उमगते. जनमत घडते ते छापून आलेल्या बातमीने, तसेच न आलेल्या बातमीनेही.

या वादात मराठी वृत्तपत्रसृष्टीचे स्थान जुने आहे. मोठ्या पत्रांनी छोट्यांना गिळू नये, म्हणून केंद्राने १९५६ च्या कायद्याने वृत्तपत्राची किंमत आणि पृष्ठसंख्या यांची सांगड घातली. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्याला आव्हान दिले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. सरकारने वृत्तपत्रांची पाने मोजू नयेत, हे रास्तच होते. मात्र मक्तेदारीला आळा घालण्याच्या प्रस्तावांवर ‘स्वातंत्र्यावर घाला’ हा शिक्का मारणेही तेव्हापासून सोपे झाले. मालकाचे स्वातंत्र्य आणि वाचकाचा जाणण्याचा हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा विसर पडला.

देशात शेकडो वाहिन्या असताना मक्तेदारी कसली, असा युक्तिवाद केला जातो. तो फसवा आहे. सोलापूरच्या प्रेक्षकाला तामिळ वाहिन्यांच्या संख्येचा काय उपयोग? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, ऑगस्ट २०१४ च्या शिफारशींत नेमके हेच हेरले होते. मालकीचे केंद्रीकरण देशभराच्या आकड्यांवर न मोजता भाषा व राज्यनिहाय मोजावे, आणि नियमनाचे काम सरकारऐवजी स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावे, असे तिचे सार होते.

त्या शिफारशींचा कायदा झाला नाही. १८६७ च्या कायद्याची जागा घेणारा २०२३ चा वृत्तपत्र व नियतकालिक नोंदणी कायदाही मालकीच्या मर्यादेविषयी मौन बाळगतो. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांच्या माध्यम व्यवसायांच्या विलीनीकरणाला अटींसह मान्यता दिली. पण आयोगाची कसोटी बाजारातील स्पर्धेची आहे, मतांच्या विविधतेची नाही.

सत्तेतील पक्षाला कृतज्ञ मालक हवा असतो आणि विरोधी पक्षाला उद्या सत्तेत यायचे असते. त्यामुळे या विषयाची घाई कोणालाच नाही. बातमीला हात न लावता मालकी उघड करणे आणि तिला भाषानिहाय मर्यादा घालणे, एवढे संसदेला करता येण्यासारखे आहे. ते होत नाही, तोवर मतदाराच्या हाती मत राहील. ते बनवण्याची सामग्री मात्र मोजक्यांच्या कोठारात असेल.