हवाई सुरक्षेचा पंच मंत्र्यांच्या मांडीवर

रोहिणखेडात विमानतळ नाही. उभ्या बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमान उतरेल असे ठिकाण नाही. आमचा माणूस मुंबईला निघाला की मलकापूर गाठतो आणि रेल्वे धरतो. मग घाटाखालच्या या गावाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे त्या ‘डीजीसीए’ची, उठाठेव कशाला करावी, असे विचारणारे शहाजोग आमच्यातही आहेत. त्यांनी 26 एप्रिल 1993 ही तारीख आठवावी.

त्या दिवशी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 विमान औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघाले. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीड रस्ता जात होता आणि त्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेला ट्रक होता. विमान त्या ट्रकला धडकले, पुढे उच्चदाबाच्या विजेच्या तारांत अडकले आणि कोसळले. 118 जणांपैकी 55 गेले. चौकशीत दोन दोष निघाले. वैमानिकाने विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, हा एक. दुसरा त्याहून लाजिरवाणा होता. विमान उडण्याच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहने रोखणे हे राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाचे काम होते आणि ते झाले नाही. म्हणजे एक फाटक आणि फाटकावर एक माणूस! एवढी व्यवस्था सरकारी यंत्रणेकडून झाली नाही.

कापसाची गाठ म्हणजे काय, हे रोहिणखेडला सांगायला नको. तो ट्रक कुठल्याही कापूसपट्ट्यातल्या गावातून निघालेला असू शकत होता. विमानाचे तिकीट काढणाराच विमान अपघातात मरतो, हा समज खोटा आहे. 28 जून 2018 रोजी घाटकोपरच्या वस्तीत चाचणीसाठी उडालेले छोटे विमान पडले, तेव्हा मेलेल्या पाच जणांत रस्त्याने चाललेला एक माणूस होता. 12 जून 2025 रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातले 241 आणि जमिनीवरचे 19 जण गेले. आणि आता तर या खात्याचा हात थेट शेतापर्यंत पोहोचला आहे. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत जी बाई फवारणीचा ड्रोन चालवायला शिकते, तिला त्याचे प्रमाणपत्र याच महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेतून मिळते. तेव्हा उठाठेव करायची ती आम्हीच करायची.

आता या खात्याची रचना पाहा. विमान कंपन्यांना परवाने देणारे, त्यांची विमाने तपासणारे आणि दंड करणारे महासंचालनालय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली. सरकारी विमानतळ चालवणारे प्राधिकरण त्याच मंत्रालयाखाली. विमान पडल्यावर दोष कोणाचा हे ठरवणारा अपघात अन्वेषण विभागही त्याच मंत्रालयाखाली. जानेवारी 2022 पर्यंत तर एअर इंडिया ही कंपनीसुद्धा सरकारच्याच मालकीची होती. जत्रेतल्या कुस्तीत आखाडा पाटलाचा, पैलवान पाटलाचा आणि पंचही पाटलाच्या घरचा असेल, तर प्रेक्षक निकाल ऐकायला थांबत नाहीत. इथे आपण सगळे मुकाट तिकीट काढून बसलो आहोत.

ही जुन्या काळाची अडगळ आहे, नवा कायदा आला की जाईल, असे कोणी म्हणेल. नवा कायदा आला! 1934 चा विमान कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. नाव देशी झाले, बेडी तीच राहिली. महासंचालनालयावर देखरेख केंद्र सरकारची, त्याला निर्देश देण्याचा आणि त्याच्या आदेशांचा फेरविचार करण्याचा अधिकारही केंद्र सरकारचा. महाराष्ट्रात विजेचा दर ठरवायला वीज नियामक आयोग आहे. त्याचे निर्णय आम्हांला पुष्कळदा पटत नाहीत. पण तिथे जाहीर सुनावणी होते आणि कृषिपंपाचा ग्राहक उभा राहून महावितरणला चार शब्द सुनावू शकतो. दूरसंचाराला, विम्याला स्वतंत्र नियामक मिळाले. तीस हजार फुटांवर शेकडो जीव असतात, त्या क्षेत्राचा नियामक मात्र मंत्रालयाचे एक उपांग.

याची फळे पाहायची तर वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांची गेल्या काही वर्षांतली फरफट पाहा. 17 ऑगस्ट 2023 रोजी आमच्याच विदर्भात, नागपूर विमानतळावर, पुण्याला विमान घेऊन निघालेला एक वैमानिक विमानात चढण्याच्या दारापाशी कोसळला आणि गेला. त्याचा जीव थकव्यानेच गेला, असे आम्ही म्हणत नाही. पण वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न त्यानंतर कोणाला झाकता आला नाही. जानेवारी 2024 मध्ये महासंचालनालयाने नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर, रात्रीच्या वेळी विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर. 1 जून 2024 पासून अंमल ठरला. हे नियम चांगले होते, आणि चांगल्या नियमाचे या देशात जे होते तेच झाले. वैमानिक कमी पडतील, असे कंपन्यांनी रडगाणे गायले आणि मार्चमध्ये नियम पुढे ढकलले गेले. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात लढल्या, तेव्हा कुठे 1 जुलै आणि 1 नोव्हेंबर 2025 असे दोन टप्पे ठरले.

नियम जाहीर झाल्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत कंपन्यांना पावणेदोन वर्षांहून अधिक काळ मिळाला. देशातले निम्म्याहून अधिक प्रवासी वाहणाऱ्या इंडिगोने या काळात काय तयारी केली, ते डिसेंबर 2025 मध्ये देशाने पाहिले. हजारो उड्डाणे रद्द, एकट्या 5 डिसेंबरला हजाराहून अधिक. विमानतळांवर बॅगांचे डोंगर आणि जमिनीवर झोपलेली मुले. त्याच दिवशी नियामकाने काय केले? साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये, हे कलम मागे घेतले आणि कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सवलत दिली. जो कायदा पाळत नाही त्याच्यासाठी कायदा वाकवला! मग लोकांचा राग शमवायला चार उड्डाण निरीक्षकांना घरी पाठवले. चौघेही कंत्राटी. अधिकार वरच्यांचे आणि नोकरी गेली खालच्यांची. तयारी होत नाही हे महिनोन्‌महिने डोळ्यांसमोर असताना मंत्रालयाची ती कायद्याने दिलेली देखरेख कुठे झोपली होती?

झोपलीच होती असेही नाही. तिला जे पाहायचे नसते ते ती पाहत नाही, एवढेच. संसदेच्या परिवहन, पर्यटन आणि संस्कृती विषयक स्थायी समितीने ऑगस्ट 2025 मध्ये अहवाल दिला. महासंचालनालयात मंजूर पदे 1063, भरलेली 553. अर्धे दप्तर रिकामे. नोकरभरतीची किल्ली दुसऱ्यांच्या हाती असल्याने तज्ज्ञ माणसे मिळत नाहीत, मिळालेली टिकत नाहीत. म्हणून या संस्थेला आर्थिक आणि प्रशासकीय स्वायत्तता द्या, असे समितीने बजावले. ही समिती विरोधकांची नव्हती. तिचे अध्यक्ष सत्ताधारी आघाडीतले खासदार होते.

आणि निरीक्षक नाहीत, हे काही आज कळले नाही. 31 जानेवारी 2014 रोजी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने याच कारणासाठी भारताची सुरक्षा श्रेणी उतरवली. आपल्या कंपन्यांना अमेरिकेची नवी उड्डाणे सुरू करता येईनात, तेव्हा दिल्लीला खडबडून जाग आली. नवी पदे निघाली, माणसे आली, आणि एप्रिल 2015 मध्ये श्रेणी परत मिळाली. वॉशिंग्टनने डोळे वटारले की सव्वा वर्षात होते ते काम आपली संसद सांगते तेव्हा का होत नाही? या पापात कोणताही पक्ष सोवळा नाही. मनमोहन सिंग सरकारने ऑगस्ट 2013 मध्ये स्वतंत्र नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचे विधेयक लोकसभेत मांडले आणि निवडणुकीच्या धामधुमीत मरू दिले. मोदी सरकारने दोन वेळा कायदा हाती घेतला, 2020 मध्ये आणि 2024 मध्ये, आणि दोन्ही वेळा लगाम मंत्रालयाच्याच हाती ठेवला.

नियामक मोकळा सोडला तर तो कंपन्यांच्या खिशात जाईल, अशी भीती घातली जाते. ती अगदीच पोकळ नाही. अमेरिकेत तपासणीचे काम बोइंग कंपनीच्याच माणसांवर सोपवत नेले आणि 737 मॅक्सच्या दोन अपघातांत 346 माणसे मेली. पण म्हणून तर आम्ही देखरेख नको म्हणत नाही, ती संसदेची हवी म्हणतो. नियामकाने दरवर्षी कुठल्या कंपनीत किती त्रुटी सापडल्या, किती मिटल्या, कोणाला कोणती सवलत कोणाच्या सांगण्यावरून दिली, हे संसदेपुढे लेखी ठेवावे. मंत्र्यांना निर्देश द्यायचा असेल तर तो कागदावर द्यावा आणि कागद सभागृहाच्या पटलावर यावा. फोनवरून चालणारी देखरेख ही कंपन्यांच्या सोयीची असते. तिला साक्षीदार नसतो. अपघाताची चौकशी करणारा विभाग तर मंत्रालयाच्या आवारातूनच बाहेर काढला पाहिजे. बीड रस्त्यावरच्या वाहनांसाठी विमानतळ प्राधिकरण दोषी ठरले. उद्या दोष मंत्रालयाचाच असेल तर तो लिहिण्याची छाती मंत्रालयाच्या नोकराला कुठून यावी?

त्याच 1993 सालच्या जानेवारीत, दिल्लीच्या विमानतळावर भाड्याने घेतलेले एक तुपोलेव्ह विमान उतरताना उलटले. एकही प्रवासी दगावला नाही, तरी तेव्हाचे विमान वाहतूक मंत्री माधवराव शिंदे यांनी राजीनामा दिला. आज 260 माणसे गेली, डिसेंबरात देशभराचे प्रवासी उघड्यावर पडले, आणि एकाही मंत्र्याची खुर्ची हलली नाही. त्यांच्याकडून राजीनामे मागण्यात आम्ही शाई वाया घालवणार नाही. या खात्याचे राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ पुण्याचे आहेत. बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव आणि शेजारच्या रावेरच्या खासदार रक्षा खडसे केंद्रात राज्यमंत्री आहेत. मराठी माणसे दिल्लीत गेली की प्रश्न सुटतात, असे आम्हांला दर निवडणुकीत सांगितले जाते. तर मग मोहोळांनी स्थायी समितीच्या शिफारशींवर सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे: स्वायत्ततेचे विधेयक कोणत्या अधिवेशनात येणार, अपघात अन्वेषण विभाग मंत्रालयाबाहेर कधी जाणार, आणि समितीने दाखवलेल्या त्या 510 रिकाम्या खुर्च्या कोणत्या तारखेपर्यंत भरणार. ‘लवकरच’ ही तारीख आम्ही धरणार नाही.