पानदानातला चुना

लखनौच्या चौकात पानाच्या गादीपाशी दोन मिनिटे उभे राहावे. पानवाला ओल्या फडक्यातून पान काढतो, देठ खुडतो, त्यावर चुन्याचे पुसटसे बोट फिरवतो आणि मग कात लावतो. बोलण्यात कितीही गुंगला तरी चुन्याच्या बाबतीत त्याचा हात सैल सुटत नाही. जरा जास्त झाला की गिऱ्हाइकाची जीभ भाजलीच! नवाबी घरांतल्या पानदानात चुन्याला वेगळी कुल्हड असे, तशी आपल्याकडे आजीच्या चंचीत चुन्याची डबी असे. पदार्थ एकच.

‘आम्ल म्हणजे भाजणारे’ एवढे बहुतेकांना ठाऊक असते. बाथरूम धुण्याच्या ॲसिडची बाटली म्हणूनच माळ्यावर जाते. चुना मात्र मुलांच्या हाताशी राहतो. कारण तो आम्ल नाही, आम्लाच्या उलट्या टोकाचा, म्हणजे अल्क आहे. आम्ल-अल्क मोजण्याची पी.एच. पट्टी सोरेनसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये सुचवली. त्या पट्टीवर शुद्ध पाणी ७ वर, लिंबाचा रस २ च्या आसपास आणि चुन्याची निवळी १२ च्याही पुढे. प्रत्येक आकड्याला दहापट फरक पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही डबी किती जहाल आहे ते कळेल.

चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो फसफसतो, तापतो आणि विरतो. हा विरवलेला चुना हवेत राहिला की हळूहळू तोच वायू पुन्हा शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. लखनौचा बडा इमामबाडा याच गुणावर उभा आहे. नवाब असफउद्दौला याने १७८४ मध्ये, दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून, त्याचे बांधकाम काढले. पातळ लखौरी विटा आणि चुन्याचा गिलावा, एवढ्यावर सुमारे ५० मीटर लांबीच्या दिवाणखान्याचे छत तुळईवाचून तोलले आहे. सिमेंट तेव्हा कुठले असणार!

पानातल्या चुन्याचे काम वेगळे. सुपारीत ॲरेकोलिन नावाचे द्रव्य असते. चुन्याच्या अल्कामुळे ते मोकळे होते आणि तरतरी येते. सुपारी आणि कातातली तुरट द्रव्ये अल्कात लाल होतात, म्हणून ओठ रंगतात. हळदीचेही तसेच. पिवळ्या हळदीत चुना कालवला की लाल रंग येतो. हळदीपासून कुंकू करण्याच्या जुन्या रीतीमागे हेच रसायन आहे. आमटीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावताच डाग लालभडक होतो, तेव्हा गृहिणी घाबरते. घाबरायचे कारण नाही, साबणही अल्कच. वर लिंबू पिळले की डाग पुन्हा पिवळा.

रंगलेल्या ओठांची किंमत मात्र मोठी आहे. तंबाखूचे पान कर्करोग करते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये सांगितले होते. तंबाखू नसलेले सुपारीचे पानही त्याच यादीत २००४ मध्ये आले. ‘आम्ही नुसतेच पान खातो’ या सबबीला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही.

पण न खाणाऱ्यालाही चुना इजा करतो, आणि तो बहुधा लहान मूल असतो. चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलाच्या हाती लागते, ते दाबते, आणि आतला चुना पिचकारीसारखा डोळ्यात उडतो. आम्ल डोळ्यात गेले तर वरची प्रथिने साकळतात आणि त्या थराने आम्ल काहीसे अडते. अल्क असे अडत नाही. ते पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थाचा अक्षरशः साबण करते आणि आत शिरत जाते. शिवाय चुन्याचे कण पापणीखाली चिकटून राहतात व काम चालूच ठेवतात. डोळा कायमचा जाऊ शकतो.

अशा वेळी ‘चुन्यावर पाणी पडले की तो उकळतो’ असे म्हणून पाणी टाळणारी वडीलधारी माणसे भेटतात. उकळतो तो कळीचा चुना. पानातला आधीच विरलेला असतो. कळीच्या चुन्याचे कोरडे खडे आधी झटकून टाकावेत, पण धुवायचे दोन्ही वेळी, भरपूर पाण्याने. नळाखाली किंवा तांब्याने, पापण्या उघड्या धरून निदान अर्धा तास. वरची पापणी उलटी करून दिसणारे कण ओल्या कापसाने टिपावेत. लिंबू, तूप, दूध यांतले काहीही घालू नये. अल्काला आम्लाने मारायचे हा शाळेतला धडा परीक्षानळीत ठीक, डोळ्यात नव्हे. मग थेट नेत्रतज्ज्ञाकडे, आणि जमल्यास वाटेतही पाणी घालत.

आजीच्या चंचीतली डबी आज सांजेलाच वरच्या फळीवर जाऊ द्या, ॲसिडच्या बाटलीशेजारी.