निवड झाली, म्हणजे पोहोचलो असं नाही

मागच्या जुम्याला नमाज आटोपून बाहेर पडलो तर एक जुना विद्यार्थी वाट पाहत उभा होता. सहा फुटांवर उंची. कामठीत त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. "सर, ग्रिल बसवायला मला शिडी लागत नाही," असं तो एरवी हसून सांगतो. त्या दिवशी मात्र चेहरा उतरलेला होता. त्याची मुलगी आठवीत आहे, बास्केटबॉल खेळते. बापाचीच उंची घेतली आहे पोरीनं. नागपूरच्या प्रशिक्षकांनी तिला सुट्टीतल्या निवासी शिबिरासाठी निवडलं आहे. आई तयार आहे, दादी म्हणते मुलीला घराबाहेर ठेवायचं नाही. बाप मध्येच अडकलेला. त्यानं आम्हाला विचारलं, "सर, भेजूँ क्या?"

आम्हाला चटकन उत्तर देता आलं नाही. कारण हाच प्रश्न वीस वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी आम्हाला विचारला होता. तेव्हा हा पोरगा शाळेचा गोलकीपर होता. कामठीत खेळ म्हटला की फुटबॉल, दुसरं काही कुणाला सुचत नाही. पण नागपूरच्या एका क्रीडाशिक्षकांनी त्याची उंची आणि हात पाहून बास्केटबॉलच्या वसतिगृहाची चाचणी द्यायला सांगितलं. आम्ही नवे शिक्षक होतो, बीएड होऊन फार दिवस झाले नव्हते. मोठ्या अधिकारानं आम्ही सांगून टाकलं, "आधी दहावी होऊ द्या, मग बघू." दहावी झाली, वडील आजारी पडले, पोरगा कामाला लागला. 'मग' काही आलं नाही. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, पण आम्हाला ते अजून बोचतं.

म्हणून या वेळी आम्ही त्याला दोन दिवस थांबायला सांगितलं आणि एका खेळाडूची गोष्ट पुन्हा नीट वाचून काढली. तीच वाचकांसमोर ठेवतो.

पंजाबमधलं बल्लो के हे लहानसं गाव. तिथले शेतकरी बलबीरसिंग भामरा सात फुटांहून उंच. तरुणपणी त्यांना बास्केटबॉल खेळायचा होता, पण घरच्यांनी शेतीला जुंपलं. आपल्या मुलाच्या बाबतीत त्यांनी तसं होऊ दिलं नाही. सतनाम नऊ-दहा वर्षांचा असतानाच त्याला लुधियानाच्या बास्केटबॉल अकादमीत ठेवलं. २०१० साली, चौदाव्या वर्षी, त्याला अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या आयएमजी अकादमीची शिष्यवृत्ती मिळाली. गावातला मुलगा, इंग्रजी जेमतेम, आणि एकदम सातासमुद्रापार.

पाच वर्षांनी, २५ जून २०१५ ला, अमेरिकेच्या एनबीए या जगातल्या सर्वांत मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये डॅलस मॅव्हरिक्स या संघानं त्याची निवड केली. भारतात जन्मलेला आणि अशी निवड झालेला तो पहिला खेळाडू. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर फोटो छापले. पुढे त्याच्यावर माहितीपटही निघाला.

पण फोटोखाली जे छापलं गेलं नाही, ते आपण समजून घ्यायला हवं. त्या वर्षीच्या निवडीत दोन फेऱ्या मिळून साठ खेळाडू घेतले गेले. पहिल्या फेरीत नाव आलं तर पगाराचा करार जवळजवळ पक्का. दुसऱ्या फेरीत तशी हमी नसते. सतनामचा क्रमांक होता बावन्नावा. त्याला मुख्य संघात जागा मिळाली नाही. टेक्सास लेजेंड्स या दुय्यम लीगच्या संघात दोन हंगाम काढले, त्यातला बराच वेळ बाकावर बसून. एनबीएचा एकही सामना तो खेळला नाही. २०१७ मध्ये भारतात परतला, नंतर कॅनडाच्या लीगमध्येही खेळून आला. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये घेतलेल्या नमुन्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं आणि दोन वर्षांची बंदी आली. आपण जाणूनबुजून काही घेतलं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. २०२१ मध्ये त्यानं अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीच्या कंपनीशी करार केला. पुढे तो कुस्तीच्या रिंगणात दिसला.

हे अपयश आहे का? आम्ही तसं म्हणणार नाही. शेतकऱ्याच्या मुलानं जे दार पहिल्यांदा ठोठावलं, त्याची दखल साऱ्या देशानं घेतली. पुढे अमज्योत सिंग, अमृतपाल सिंग जपानमध्ये खेळले. २०१७ मध्ये अमृतपाल ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून, तर अमज्योत अमेरिकेच्या दुय्यम लीगमध्ये खेळला. केरळची गीतू अॅना जोस तर या सगळ्यांच्या कितीतरी आधी ऑस्ट्रेलियाच्या क्लबकडून खेळून आली होती. मात्र यातल्या कुणाचंही परदेशातलं खेळणं फार वर्षं चाललेलं नाही. परदेशी क्लबची नोकरी ही हंगामाची नोकरी असते. गुडघा दुखावला की संपली.

आता दुसरी गोष्ट पाहा. नायजेरियातल्या लागोस शहरातला हकीम ओलाजुवान हाही आधी गोलकीपर आणि हँडबॉल खेळाडू. बास्केटबॉल हातात घेतला तो पंधराव्या वर्षी. १९८० मध्ये अमेरिकेत गेला, पण थेट व्यावसायिक संघात नाही, ह्यूस्टनच्या विद्यापीठात. पहिलं वर्ष सामने न खेळता नुसता सराव केला. १९८४ मध्ये निवड झाली ती पहिल्या क्रमांकावर, मायकेल जॉर्डनच्याही आधी. १९९४ आणि १९९५ अशी सलग दोन वर्षं त्यानं ह्यूस्टन रॉकेट्सला विजेतेपद मिळवून दिलं. १९९५ च्या फेब्रुवारीत रमजान होता. दिवसभर रोजा ठेवून सामने खेळणारा हकीम त्याच महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. परदेशी गेलं की माणूस बदलतो म्हणणाऱ्यांनी हे एक नाव लक्षात ठेवावं.

हकीमची गुणवत्ता असामान्य होती, त्याच्याशी कुणाची बरोबरी करण्यात अर्थ नाही. पण दोघांच्या वाटेत एक फरक आहे, आणि शिक्षक म्हणून आमची नजर तिथेच अडते. हकीमच्या वाटेत विद्यापीठ होतं. सतनाम अकादमीतून, कॉलेज न करता, थेट निवडीत उतरला. अमेरिकेच्या विद्यापीठांच्या संघात खेळायचं तर नुसती उंची पुरत नाही, शाळेचे गुण लागतात, इंग्रजी लागतं. तिथे तीन-चार वर्षं खेळाडू घडतो आणि खेळ नाही जमला तर हातात पदवी असते. परतीची वाट शाबूत राहते.

वीस वर्षांपूर्वी आम्ही "आधी शिक्षण" म्हणालो होतो. तेव्हा आमचं चुकलं कुठे, हे आता कळतं. शिक्षणाचा आग्रह बरोबर होता. ते खेळाच्या आड उभं केलं, ही चूक. दोन्ही बरोबर चालवायचं असतं, आणि ते कसं, हे सांगणं आमचं काम होतं.

मुलीचं म्हणाल तर काळजी आणखी एका गोष्टीची असते, ती पोशाखाची. अमेरिकेतली बिल्किस अब्दुल कादिर डोक्यावर हिजाब घेऊन विद्यापीठाकडून खेळली. तिला युरोपात व्यावसायिक खेळाडू व्हायचं होतं. पण आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमात डोकं झाकायला मनाई होती. तिनं डोक्यावरचं काढलं नाही, त्या नियमाविरुद्ध लढली. ऑक्टोबर २०१७ पासून नियम बदलला. तिची स्वतःची संधी तोवर निघून गेली होती, पण आज कामठीच्या मुलीला कुणी नियम दाखवून थांबवू शकत नाही, यात तिचा वाटा आहे.

दोन दिवसांनी आम्ही त्या बापाच्या दुकानात गेलो आणि सांगितलं, पाठवा. मात्र चार गोष्टी सांभाळा.

एक, वसतिगृह स्वतः जाऊन पाहा. मुलींसाठी महिला अधीक्षक आहेत का, रात्री जबाबदार कोण, हे विचारायला लाजू नका. दादीलाही सोबत न्या. नागपूर काही लांब नाही.

दोन, जन्मतारीख जी आहे तीच राहू द्या. लहान गटात खेळवण्यासाठी दाखल्यात एक वर्ष कमी करणारे सल्लागार भेटतात. पुढे पासपोर्टच्या वेळी तेच एक वर्ष गळ्याशी येतं.

तीन, जिमवाल्याच्या डब्यातली पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोरीला देऊ नका. डब्यात काय आहे हे माहीत नव्हतं, ही सबब चाचणीत चालत नाही. घरची डाळ, अंडी, गोश्त पुरे.

चार, इंग्रजी आणि गणित सोडू देऊ नका. परदेश तर दूरच राहिला. आपल्याच देशात रेल्वेसारख्या ठिकाणी खेळाडूंना नोकरी मिळते. भारताचं नेतृत्व केलेली पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडूनच खेळली. पण अर्ज भरायला तिथेही शिक्षण लागतंच.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हातातलं काम बाजूला ठेवून विचारलं, "सर, एवढं करून पुढे निवड नाही झाली तर?"

"तर नववीत बसेल," आम्ही म्हणालो, "आणि संध्याकाळी खेळेल. तिचं काही कमी होणार नाही. पण पाठवलंच नाही, तर वीस वर्षांनी तिच्याकडे बघताना आपल्याला काय वाटेल, ते आम्ही भोगतो आहोत."

तो काही बोलला नाही. मान खाली घालून त्यानं फॉर्म पुढे केला. शाळेच्या शिफारशीची जागा रिकामी होती, ती आम्ही भरली. पालकाची सही त्यानं केली. सही करताना मागून दादीचा आवाज आला, "बॅग मोठी घ्या, पोरगी उघड्यावर झोपायची नाही." तो होकारच समजायचा.

येत्या शनिवारी ती जाईल. गणिताचं पुस्तक बॅगेत टाकायला आम्ही सांगितलं आहे. तोंड वाकडं करून का होईना, ती हो म्हणाली आहे.