मांजराची घाण कोणी काढायची?



वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन आटोपले की उपासिका थोडा वेळ बसून राहतात आणि मग घरातले खरे प्रश्न निघतात. एका तरुण सुनेने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "ताई, माझी पाळी आठ दिवस पुढं गेलीय. घरात अजून कुणाला बोलले नाही. आमच्याकडं मांजर आहे, त्याची राख मीच काढते. चालतं का?" हळू बोलूनही शेजारच्या आजींनी ते ऐकलेच. त्यांनी लगेच निकाल दिला, "मांजर पोत्यात घाला आणि धरणाकडं सोडून या." दुसरी म्हणाली, "आमच्या सासूनं जन्मभर मांजरं पाळली, सात लेकरं झाली, काही झालं नाही." एकीने मांजराला फाशी दिली, दुसरीने त्याला निर्दोष सोडले. दोघींचाही निकाल पुरावा न बघता!

मी बी.कॉम. झालेली कारकून आहे, डॉक्टर नाही. पण आरोग्याच्या शिबिरांतून डॉक्टरांच्या शेजारी बसून नोंदी करता करता जे कानावर पडले आणि नंतर वाचून पडताळले, ते भगिनींपुढे ठेवते.

सर्वात आधी सांगायचे ते हे, की त्या सुनेने प्रश्न अगदी योग्य वेळी विचारला. आपल्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत कोणाला सांगायचे नाही, अशी रीत आहे. त्यामुळे काळजीही तिसऱ्या महिन्यानंतरच सुरू होते. बाळाचा मेंदू, डोळे, हृदय यांची घडण मात्र त्याच पहिल्या तीन महिन्यांत होते. म्हणून ज्या विवाहितेला दिवस जाण्याची शक्यता आहे, तिने पाळी चुकण्याची वाटही न पाहता ही काळजी घ्यायची असते.

काळजी कशाची? टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक अतिसूक्ष्म परजीवी आहे. ट्युनिस येथे निकोल आणि मांसो या दोन शास्त्रज्ञांना तो १९०८ साली गुंडी नावाच्या उंदरासारख्या एका प्राण्यात सापडला. पुढे साठ वर्षे तो पसरतो कसा याचा पत्ता लागत नव्हता. १९७० च्या सुमारास उलगडा झाला की त्याची अंड्यांसारखी बीजे फक्त मांजराच्या कुळातील प्राण्यांच्या आतड्यात तयार होतात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. हा शोध लावणाऱ्यांमध्ये जितेंद्र दुबे हे भारतात जन्मलेले पशुवैद्यक शास्त्रज्ञही होते. (आपल्याकडचा बिबट्याही त्याच कुळातला, पण त्याची राख काढण्याची वेळ कोणावर येत नाही.)

मांजराला हा जंतू मिळतो उंदीर, पाखरे किंवा कच्चे मांस खाल्ल्यामुळे. पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून ही बीजे लाखोंनी पडतात, नंतर सहसा थांबतात. म्हणजे म्हाताऱ्या घरबशा बोक्यापेक्षा नुकते उंदीर मारायला शिकलेले पिल्लू जास्त धोक्याचे. आणि सर्वात कामाची गोष्ट अशी की ताजी विष्ठा लागण करीत नाही. बाहेर पडल्यावर बीज पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. पक्व झाले की मात्र ओल्या, सावलीतल्या मातीत ते महिनोन् महिने जिवंत राहते. म्हणून राख रोजच्या रोज काढायची, आठवड्याने नाही. एवढे एक कळले तरी अर्धी भीती जाते. मांजराला कुरवाळल्याने, ते मांडीवर बसल्याने हा रोग सहसा होत नाही. घाण हाताला लागून हात तोंडात गेला, तर होतो.

आता आपल्या घरांकडे बघू. नाशिक-पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्या मुली मांजरासाठी प्लास्टिकचा डबा आणि विकतचे मातीचे दाणे आणतात. त्र्यंबकला, आणि आजूबाजूच्या पाड्यांवर तर नाहीच नाही, असला डबा नसतो. भात आणि नागलीच्या कणग्यांना उंदीर लागतात म्हणून मांजर ठेवलेले असते. ते चुलीच्या राखेत बसते, परसातल्या कोथिंबिरीच्या वाफ्यात बसते, बांधकामाच्या वाळूच्या ढिगात बसते. सिंहस्थ जवळ आला की इथे बांधकामे निघतात आणि वाळू घमेल्यात भरून डोक्यावर वाहणारी बहुतेक बाईच असते. तिच्या घरी मांजर नसेल, तरी ढिगात दहा घरची मांजरे येऊन गेलेली असतात. भातलावणीला चिखलात हात घालणारीचे आणि लॉज-धर्मशाळांची अंगणे झाडणारीचेही तेच. म्हणून "आमच्याकडं मांजर नाही" म्हणून सुटका नाही. मातीत काम केल्यावर, भाकरीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे, नखांच्या कडाही. पालेभाजी, कोथिंबीर, मुळा दोन-तीन पाण्यांतून काढायचा. विहिरीचे किंवा झऱ्याचे पाणी पिण्यासाठी उकळायचे. क्लोरिनला हे बीज दाद देत नाही, उकळीला देते. तामिळनाडूत कोइमतूर येथे २००४ च्या सुमारास दोनशेवर लोकांच्या डोळ्यांना या जंतूची बाधा झाली, तेव्हा संशय पिण्याच्या पाण्यावरच होता.

आणि मांजराला उगाच एकट्याला दोष देऊ नये. शेळी, मेंढी, डुक्कर यांच्या मांसातही हा जंतू दडून असतो आणि पुष्कळांना लागण मांसातूनच होते. आपल्या समाजात मांस खाल्ले जाते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. गर्भवतीला त्यातून ताकदच मिळते. सोडायच्या आहेत त्या फक्त काही सवयी. मीठ बघायला म्हणून अर्धवट शिजलेला तुकडा तोंडात टाकणे. कलेजी निखाऱ्यावर नुसती शेकून खाणे. मटण चिरलेल्या विळीवर तशीच काकडी चिरणे. आतून लाली राहणार नाही असे शिजले की जंतू मरतो. जुन्या पिढीच्या चान्या, म्हणजे मीठ लावून वाळवलेले मांस, नुसत्या वाळवण्याने सुरक्षित होत नाही. रटरटून शिजवूनच खावे. शेळीचे दूधही तापवूनच प्यावे. शेळी-मेंढी गाभडली किंवा व्याली, तर तिची वार उचलायला गर्भवतीने जाऊ नये. याच जंतूने शेळ्या-मेंढ्याही गाभडतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता मूळ प्रश्न. मांजराची घाण काढायची कोणी? जगभरचे डॉक्टर सांगतात की गर्भवतीने, किंवा जिला दिवस गेले असण्याची शक्यता आहे तिने, हे काम दुसऱ्यावर सोपवावे. हा दुसरा कोण? आपल्या घरात हा दुसरा सापडत नाही! सासूची कंबर धरलेली, नणंदेची परीक्षा असते, दीर "मला किळस येते" म्हणतो आणि नवऱ्याला तर कोणी विचारतच नाही. मला इथे स्पष्ट बोलावेसे वाटते. जन्मामुळे कोणाच्या माथी मैला मारणे हा अन्याय आहे, हे या देशाला आपल्या चळवळीने ऐकवले. हाताने मैला उचलायला लावणे १९९३ च्या आणि पुन्हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले. आणि आपल्याच घरात ती बाई म्हणून जन्मली एवढ्यासाठी सगळी घाण सुनेच्या वाट्याला? किळस येणाऱ्या दादांनी महावग्गातली गोष्ट आठवावी. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडून होता. त्याचा आम्हाला उपयोग नाही म्हणून बाकीचे भिक्खू फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर ठेवले. भगवंतांना किळस आली नाही. आपल्याला मांजराच्या वाटीभर राखेची येते.

बाबासाहेबांनी जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा बाळंतपणाआधी व नंतर आईला विसावा मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे अशी बाजू त्यांनी मांडली. गिरणीमालकाकडून जे मागायचे, ते आधी घरच्या माणसांनी द्यायला काय हरकत आहे?

ज्या बहिणीचा नवरा बाहेरगावी आहे, घरात दुसरे कोणीच नाही, तिने काय करावे? रबरी हातमोजे घालावेत, नसतील तर दोन्ही हातांना जाड प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. नाकातोंडाला पदर गुंडाळावा. राख कोरडी झाडू नये, धूळ उडते; आधी थोडे पाणी शिंपडावे. फावडीने उचलून पिशवीत बांधावी किंवा वाफ्यापासून आणि पाण्यापासून दूर खोल खड्ड्यात पुरावी. खतात घालू नये. डबा असेल तर त्यात कढत उकळते पाणी ओतून पाच-दहा मिनिटे ठेवावे. फिनेलवर विसंबू नये. मोजे काढल्यावरही हात साबणाने धुवावेत. मांजराला खाटकाकडचे कच्चे तुकडे न घालता शिजवलेलेच द्यावे, आणि या नऊ महिन्यांत दारात आलेले नवे पिल्लू घरात घेऊ नये. जुन्या मांजराला पोत्यात घालून सोडण्याचे मात्र काहीच कारण नाही. आपण पंचशील घेतलेली माणसे आहोत, आणि दुसरे असे की मांजर गेले की उंदीर येतात.

लागण झाली तर बाईला बहुधा कळतही नाही. बारीक ताप, अंगदुखी, मानेला गाठी, असे थोडेसे होऊन जाते. गर्भारपणात आयुष्यातली पहिलीच लागण झाली, तर ती बाळापर्यंत पोचू शकते. सुरुवातीच्या महिन्यांत पोचण्याची शक्यता कमी, पण पोचली तर नुकसान मोठे : गर्भपात, डोक्यात पाणी होणे, डोळे अधू होणे. शेवटच्या महिन्यांत पोचण्याची शक्यता जास्त, पण बाळ जन्मतः बहुधा ठीक दिसते आणि डोळ्यांचा त्रास कधी कधी वर्षांनी उघडा पडतो. लवकर कळले तर त्यावर औषधे आहेत आणि डॉक्टर ती देतात.

आणि इथे त्र्यंबकमध्ये राहणारीने एक गोष्ट बोललीच पाहिजे. ज्यांचे मूल राहत नाही, अशी जोडपी लांबून लांबून इथे नारायण-नागबळीसाठी येतात. तीन दिवस विधी चालतो, गव्हाच्या पिठाचा नाग करून त्याचे अंत्यसंस्कार होतात. सर्पाचा शाप, पितरांचा कोप अशी कारणे सांगितली जातात आणि खाली मान घालून बसलेली असते ती बाई. त्यांच्या दुःखाची थट्टा मी करणार नाही; कूस रिकामी होण्याचे दुःख खरे आहे. पण १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांपैकी सहावी प्रतिज्ञा श्राद्ध आणि पिंडदान नाकारते, ती घेतलेल्या घरांतूनही कोणीतरी गुपचूप चौकशी करून जाते, हे मला माहीत आहे. त्या पैशांत दोघांच्या तपासण्या होतात. दोघांच्या म्हणते, एकटीच्या नाही.

पण शापाच्या जागी मांजराला बसवले तर तीही नवी अंधश्रद्धाच. एखाद्या गर्भपातानंतर "टॉर्च टेस्ट" करतात, त्यात टॉक्सो पॉझिटिव्ह आले की घरात रडारड सुरू होते. कारकुनी भाषेत सांगते. अहवालात दोन नोंदी असतात. आयजीजी ही मागील शिल्लक आहे : कधीकाळी लागण होऊन गेली, शरीराने प्रतिकार तयार केला. गर्भ राहण्याच्या बऱ्याच आधीची ही शिल्लक असेल तर निरोगी बाईला ती संरक्षणच देते. आजींच्या शेजारणीच्या सासूचे सात लेकरांचे कोडे बहुधा इथेच सुटते. आयजीएम ही चालू खात्यातली नोंद समजतात, पण ही नोंद कधी कधी वर्षभरही पुसली जात नाही, कधी खोटीही येते. म्हणून नुसत्या आयजीएमवर कोणी गर्भ पाडण्याची भाषा केली तर थांबावे, अ‍ॅव्हिडिटी नावाची पुढची तपासणी आणि मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पुन्हा पुन्हा गर्भपात होत असतील तर त्याचे कारण टॉक्सो सहसा नसते. थायरॉईड, साखर, गर्भाशयाची ठेवण, पतिपत्नींची गुणसूत्रे, अशी इतर कारणे शोधावी लागतात.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी होते. २०१६ पासून ही योजना आहे. टॉक्सोची तपासणी मात्र तिथल्या नेहमीच्या यादीत नसते, म्हणून आपणच तोंड उघडायचे. घरात मांजर आहे, शेळ्या आहेत, मी वाळूचे काम करते, मध्यंतरी बारीक ताप येऊन गेला, मानेला गाठ आली होती, यातले जे असेल ते डॉक्टरांना सांगायचे. रक्ताच्या तपासणीचा जुना कागद असेल तर तोही पिशवीत टाकायचा. लग्नाआधीचा असला तरी चालेल. उलट तोच जास्त कामाचा.