चिप मारा, पण कोणत्या मशीनला?

जळगावच्या गोलाणी मार्केटात काय किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर काय, प्लेस्टेशनचा विषय निघाला की एक बाजू ठरलेली असते. गेमची डिस्क पाच हजारांची. मग मशीनला चिप मारली, जेलब्रेक करून कंपनीचं सॉफ्टवेअरचं कुलूप तोडलं तर बिघडलं कुठे? इथे कोण येतंय बघायला!

आधी पैशांचं बघू. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात ४९,९९० रुपयांना आलं आणि त्याचे मोठे गेम ४,९९९ रुपयांना. केळी-कापसाच्या भावावर घर चालणाऱ्या मुलखात हा आकडा जड आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण डिस्क खेळून झाली की विकता येते, मित्राच्या डिस्कशी बदलता येते. फुकट उतरवलेला गेम कोण विकत घेणार? शिवाय जेलब्रेक चालतं ते ठरावीक जुन्या सॉफ्टवेअरवर. म्हणजे अपडेट रोखून धरायचं आणि ऑनलाइन खेळावर पाणी सोडायचं. मित्रांसोबत खेळायला मशीन घेतलेल्या पोराने हा सौदा करणं म्हणजे निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार.

‘कोण बघतंय’ हा युक्तिवाद तर फारच भाबडा. बघायला जळगावपर्यंत यावंच लागत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने फेरफार केलेल्या लाखो एक्सबॉक्स ३६० मशीनना ऑनलाइन सेवेतून एका झटक्यात हद्दपार केलं. जून २०२५ मध्ये नवंकोरं स्विच २ बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता, तोच गेमच्या प्रती चालवणारं ‘मिग’ कार्ड घालणाऱ्यांची मशीनं निन्टेन्डोने ऑनलाइन सेवेतून तोडली. आपल्याकडे स्विच येतं ते ग्रे मार्केटमधून. दाद मागायची कोणाकडे?

मात्र ‘मॉडिंग, म्हणजे मशीनमधला फेरफार, ही चोरीच’ असं बजावणाऱ्यांचंही सगळं खरं नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आलं. कुलूप तोडल्याबद्दल त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे; पण हक्कभंग करण्याचा हेतू असेल तरच. नुकसानापासून बचावापुरती प्रत काढायची मुभा कलम ५२ देतं. आणि कंपन्या तरी कुठल्या धुतल्या तांदळाच्या? प्लेस्टेशन ३ वर लिनक्स चालवायची सोय जाहिरातीत होती. १ एप्रिल २०१० च्या अपडेटमध्ये सोनीने ती काढून घेतली. २७ मार्च २०२३ ला निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू यांच्या ऑनलाइन दुकानांत नवी खरेदी बंद केली. केवळ तिथेच मिळणारे कितीतरी गेम त्या दिवसापासून रीतसर मिळेनासे झाले.

म्हणून मॉडिंगची खरी जागा म्हणजे जुनं मशीन. प्लेस्टेशन २ चं उत्पादन थांबून दशक उलटलं. त्याची लेन्स थकते, डिस्क वाचत नाही, नवी लेन्स मिळेल याचा भरवसा नसतो. मेमरी कार्डातून सॉफ्टवेअर चालवायची युक्ती तिथे सोल्डरिंगशिवाय जमते आणि आपल्याच डिस्कचे गेम हार्ड डिस्कवरून खेळता येतात. तुटायला ऑनलाइन सेवाच उरलेली नाही, वॉरंटी तर कधीच संपली. हा फेरफार बेलाशक करावा.

प्लेस्टेशन ५ चं मात्र निराळं. सोनी ते ५ ते ३५ अंशांत वापरायला सांगते, आणि भुसावळ-जळगावचा मे पंचेचाळिशीला टेकतो. त्यामुळे धूळ झाडणं, पंखा साफ करणं भागच आहे. पण त्यापलीकडे ते उघडू नये; त्याच्या चिपवर पेस्टऐवजी वीजवाहक द्रवधातू असतो. उघडताना तो बोर्डावर ओघळला की शॉर्ट.

आणि ज्याचा विचार कोणीच करत नाही, ते पुढचं गिऱ्हाईक. इकडे कन्सोल हातोहात फिरतं. बंदी बसते ती मशीनवर, ते विकणाऱ्यावर नाही. जेलब्रेकची गोष्ट न सांगता मशीन खपवणारा स्वतः धोका पत्करतच नाही. तो धोका चोपड्याहून किंवा शिरपूरहून पैसे साठवून आलेल्या पोराच्या गळ्यात घालतो. अशा पोराने दुकानातच, पैसे मोजण्याआधी, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मशीन ऑनलाइन चालू करून बघावं. दुकानदार नेट जोडू देत नसेल तर सरळ दुसरं दुकान गाठावं.