परिपत्रक गेले, पडताळणीचे काय?

शासकीय सेवेतील परिवीक्षा हा कसोटीचा काळ. नवागताची कार्यक्षमता पाहावी, वर्तणूक पाहावी आणि मग त्यास कायम करावे, एवढाच तिचा हेतू. तो सकाळी कोणत्या मैदानावर जातो आणि कोणत्या ध्वजाला प्रणाम करतो, याचा या कसोटीशी काय संबंध? तथापि अहोरात्र धर्मनिरपेक्षतेची जपमाळ ओढणाऱ्या राज्यकर्त्यांनी नेमकी हीच चौकशी केली.

मध्य प्रदेशातील एका शिक्षकाचे प्रकरण या दृष्टीने मुळातून पाहण्याजोगे आहे. त्याची नगरपालिकेची शाळा १९७१ मध्ये शासनाने ताब्यात घेतली. १९७२ मध्ये त्यास शासकीय सेवेत सामावून घेतले, पण पूर्वचारित्र्याच्या पडताळणीच्या अटीवर. दोन वर्षे तो शिकवीत राहिला. नोव्हेंबर १९७४ मध्ये सेवासमाप्तीचा आदेश हाती पडला. आदेशात कारण नव्हते. कारण होते पोलिसांच्या गोपनीय अहवालात : हा मनुष्य रा. स्व. संघ व जनसंघाच्या कार्यात भाग घेत असे! त्या वेळी या दोहोंपैकी एकाही संघटनेवर बंदी नव्हती. अध्यापनात उणीव असल्याचा आरोप नव्हता. उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला, तरी शासनाचे समाधान झाले नाही. एका शाळामास्तराविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

तेथे फेब्रुवारी १९८३ मध्ये न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी शासनाला चांगलेच फटकारले. त्यांचा वैचारिक कल डावीकडचा. संघाविषयी ममत्व असण्याचे काही कारण नव्हते. परंतु कोणाला नोकरी मिळावी हे पोलिसांच्या गुप्त टिपणांवरून ठरू लागले, तर संविधानातील समान संधीला अर्थ काय उरतो, हे त्यांनी ओळखले. अमेरिकेतील मॅकार्थी यांच्या काळातील चौकशीसत्राची आठवणही त्यांनी करून दिली. आज पुरोगामित्वाचा मक्ता घेतलेल्यांनी हा निकाल एकदा तरी वाचावा.

या वृत्तीचे मूळ ३० नोव्हेंबर १९६६ च्या केंद्रीय परिपत्रकात दिसते. संसदेसमोर गोरक्षणासाठी जमलेल्या साधुसंतांवर गोळीबार झाल्याला जेमतेम तेवीस दिवस लोटले होते. बंदी नसलेल्या संघटनेत जाण्यास केंद्रीय कर्मचाऱ्यांना या परिपत्रकाने मज्जाव केला. १९७० व १९८० मध्ये त्याची पुनरुक्तीही झाली. वाजपेयी सरकारच्या सहा वर्षांतही ते रद्द झाले नाही, हे स्वकीयांनीही विसरू नये. ९ जुलै २०२४ रोजी त्यातून संघाचे नाव गेले. चूक उमगायला पाच दशके लागली, याबद्दल मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने त्याच महिन्यात खेद व्यक्त केला.

पण तो आदेश केंद्रीय कर्मचाऱ्यांपुरता. कर्नाटकात ऑक्टोबर २०२५ मध्ये एका मंत्र्याने शासकीय कर्मचाऱ्यांना संघकार्यापासून रोखावे, अशी लेखी मागणी मुख्यमंत्र्यांकडे केली; रायचूर जिल्ह्यात संचलनात गणवेशात दिसलेला पंचायत विकास अधिकारी निलंबितही झाला. प्रशासकीय न्यायाधिकरणाने महिनाभरातच त्या निलंबनास स्थगिती दिली. ती मिळू शकली, कारण आदेशात कारण लिहिलेले होते. आव्हान द्यायला काहीतरी हाती होते.

परिवीक्षाधीन तरुणाच्या हाती काय असते? १९५७ च्या धिंग्रा प्रकरणापासून न्यायालये सांगत आली आहेत की, परिवीक्षाधीनाला पदावर हक्क नाही. सेवा 'समाधानकारक नाही' एवढे लिहून त्याला घरी पाठवता येते. आदेशाआडचा हेतू शिक्षेचा असेल, तर चौकशीविना तो टिकत नाही, असे १९७४ च्या समशेरसिंग प्रकरणात सात न्यायमूर्तींनी ठरविले खरे. पण तो हेतू उघड करण्यासाठी न्यायालयाची पायरी चढायची कोणी? वर्षानुवर्षे स्पर्धा परीक्षांची तयारी करून नोकरीला लागलेल्या, शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या मुलाने? त्या शिक्षकाला निकालासाठी आठ वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले.

म्हणून परिवीक्षेतील सेवासमाप्तीचे कारण लेखी द्यावे आणि पडताळणीतील प्रतिकूल अहवाल संबंधिताला दाखवून त्याचे म्हणणे ऐकावे, अशी तरतूद सेवानियमांतच हवी. केंद्रात आज अनुकूल सरकार आहे. ही दुरुस्ती करण्यास त्याला कोणी अडविलेले नाही.