गुणतक्ता म्हणजे क्लब नव्हे

हल्लीं आमच्या सुशिक्षित घरांतून एक नवीन पाठांतर सुरू झालें आहे. इंग्लंडांतील कोणता फुटबॉल क्लब कितव्या क्रमांकावर आहे, त्याचे गुण किती, हें मुलांस मुखोद्गत असतें, आणि वडील मंडळींस त्याचें मोठें कौतुक वाटतें. घोडबंदर रस्त्यावरील आमच्या चेण्यांतही याहून निराळा प्रकार नाहीं. पण त्याच मुलांस मुंबईच्या महिंद्र युनायटेडविषयीं विचारावें, तर तीं मुकाट राहतात. आमचा आक्षेप खेळाच्या आवडीवर नाहीं. क्रमांकालाच क्लब समजण्याच्या खुळावर आहे.

महिंद्रचा संघ १९६२ पासूनचा. २००५-०६ च्या मोसमांत तो राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता झाला. म्हणजे देशाच्या तक्त्यांत त्याच्या वर कोणी उरला नाहीं. पुढें चारच वर्षांनीं, २०१० सालीं, चालक कंपनीनें तो बंद केला. याच लीगचा १९९६-९७ मधील पहिला विजेता, पंजाबांतील फगवाड्याचा जे. सी. टी., हा गिरणीवाल्यांचा संघ. तोही २०११ सालीं मोडला. पहिला क्रमांक दोघांसही वांचवूं शकला नाहीं.

आतां ज्या इंग्लंडचे तक्ते आमचीं मुलें घोकतात, तेथील लीगचा आरंभ पाहावा. १८८८ सालीं बारा क्लबांनीं ती सुरू केली, आणि प्रेस्टन नॉर्थ एंड हा क्लब पहिल्याच मोसमांत एकही सामना न हरतां अजिंक्य ठरला. १९६१ सालीं तोच क्लब सर्वांत वरच्या श्रेणींतून घसरला, व पुढें साठ वर्षें उलटलीं तरी तेथें परतला नाहीं. तथापि क्लब जिवंत आहे, आणि डीपडेल हें त्याचें मैदानही तेंच आहे. आजोबा ज्या मैदानावर जात तेथें नातू जातो. संघ कितवा आहे हें पाहून तो जात नाहीं. बरें, तक्त्याचें गणित तरी कायमचें आहे काय? तेथें विजयास दोन गुण मिळत, ते १९८१ पासून तीन झाले. मोजण्याचें मापच जेथें बदलतें, तेथें त्या मापास सर्वस्व मानणें शहाणपणाचें नव्हे.

हा जिव्हाळा कांहीं विलायतेचाच मक्ता नाहीं. कोल्हापुरांत पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पेठेच्या नांवावर व पेठेच्या मायेवर उभे आहेत. ज्या तालमींत पूर्वीं शड्डू घुमत, त्यांनींच फुटबॉलास आश्रय दिला. तेथील ईर्षा कधींकधीं हातघाईवर येते, हें आम्ही नाकारीत नाहीं, आणि त्याचें समर्थनही करीत नाहीं. पण हरलेला संघ तेथें पेठेस परका होत नाहीं. उलट पुण्यांत २०१४ सालीं निघालेला एफ. सी. पुणे सिटी २०१९ सालीं मोडला, आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादेच्या नव्या संघानें घेतली. तक्त्यास त्याचें सोयरसुतक नव्हतें. रिकामा रकाना भरला, एवढेंच.

कोणी म्हणेल, "खेळास पैसा लागतो, आणि पैसा धनिकांपाशींच असतो." मान्य. पण पोसणारास मारण्याचाही अधिकार असावा, हें कोठलें शास्त्र? जर्मनींत १९९८ सालीं क्लबांत धनिकांचें भांडवल घेण्यास वाट मोकळी केली, ती निम्म्याहून अधिक मतें सभासदांच्या हातीं ठेवूनच. थोडे अपवाद सोडल्यास हाच नियम तेथें चालतो. पैसा आला, पण घर विकलें गेलें नाहीं.

आमच्याकडे हें होत नाहीं, याचा दोष केवळ कंपन्यांच्या माथीं मारून सुशिक्षितांस मोकळें होतां येणार नाहीं. ज्या संघाचा कोणी सभासद नाहीं, ज्याची बखर कोणीं लिहिली नाहीं, तो एका ठरावानें बंद करणें सोपें असतें. म्हणून आमचें सांगणें असें कीं, वडिलांनीं मुलांस परदेशी सदरा अवश्य घेऊन द्यावा, पण जवळच्या एखाद्या लहान क्लबाची वर्गणीही भरावी व त्याच्या सभेस जावें. ग्रंथालयांनीं सामन्यांचीं पत्रकें, छायाचित्रें व जुन्या खेळाडूंच्या आठवणी जपून ठेवाव्या. चेण्यासारख्या गांवीं उद्यां पोरांनीं संघ काढला, तर तो कितवा आला हें विचारण्यापूर्वीं तो दहा वर्षें कसा टिकेल, हें आपण विचारलें पाहिजे. गुण मिळविणें खेळाडूंचें काम आहे. क्लब टिकविणें तुमचें आमचें आहे.